सासूबाईंचा पुष्कराज पांढरा कसा पडला?

अंगणातली_तुळस (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. हा धागा 'विज्ञान'मध्ये टाकावा की 'ज्योतिष'मध्ये ते कळेना, म्हणून इथेच काढते. ॲडमिन, हवा तिकडे हलवा.

सासूबाईंनी गेल्या हिवाळ्यात गुरुपुष्याच्या मुहूर्तावर पुष्कराज घेतला. सव्वापाच रत्ती, सोन्यात, मागून उघडं कोंदण. रंग म्हणाल तर आटवलेल्या आमरसासारखा, किंचित केशरीकडे झुकणारा. दुकान मोठं आणि ओळखीचं. सोबत प्रयोगशाळेचं कार्डही मिळालं: नॅचरल यलो सफायर, हीटिंगची लक्षणं आढळली नाहीत. किंमत लिहीत नाही. मिस्टरांना आजही सांगितलेली नाही.

उन्हाळ्यात कुरडया घालायला गच्चीवर गेल्या. चीक हाताला लागतो म्हणून अंगठी काढून कठड्यावरच्या वाटीत ठेवायच्या. आठेक दिवस हेच चाललं होतं. परवा देवपूजेला बसल्या आणि मला हाक मारली, "अगं, हे बघ काय झालंय." खडा पार पांढरा झालाय. हळद लागलेला हात पाण्यात बुचकळला की पाण्याला जेवढा रंग येतो, तेवढाच उरलाय.

गुरुजी म्हणाले, खड्याने पीडा ओढून घेतली, चांगलंच झालं. दुकानदार म्हणाला, साबण साचला असेल, पॉलिश करून देतो. मिस्टर म्हणाले, काच आहे. मला तिघांचंही पटत नाहीये. नीलम, पुष्कराज हे दगड ना? दगडाचा रंग उन्हाने कसा उडेल? ती काय छापील साडी आहे?

कांदेनवमी | शनिवार, रात्री १०.४०

पीडा ओढून घेतली असेल तर खडा काळा पडायला हवा होता. पांढरा पडला म्हणजे पीडा बघून घाबरला. ;)

जुना_पारखी | शनिवार, रात्री ११.५५

तुळसताई, मी झवेरी बाजारात अडतीस वर्षं रंगीत खड्यांच्या पुड्या उघडल्या आणि मिटल्या. आता डोळे थकले म्हणून घरी असतो. तुमचं वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. हा प्रकार मी निदान वीस वेळा पाहिलाय.

आधी खडा कोणता ते नक्की करा. पुष्कराज या नावाखाली बाजारात दोन वेगळे दगड फिरतात. एक पिवळा सफायर, म्हणजे नीलम-माणकाचा सख्खा भाऊ, कुरुंद जातीचा. दुसरा टोपाझ. इंग्रज व्यापारी पिवळ्या सफायरला 'ओरिएंटल टोपाझ' म्हणायचे. तेव्हापासूनचा हा घोळ आपण अजून निस्तरतोय. कार्डावर सफायर लिहिलंय, पण कार्ड आणि खडा एकाच पुडीतले आहेत याची खात्री करून घ्यावी. घरी करता येईल असं सांगतो.

सोनाराकडून खडा सुटा करून घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा मिळतो. आधी खड्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला आणि काचेला लागता कामा नये. आता काटा दाखवेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ४ च्या आसपास आलं तर सफायर, ३.५ आलं तर टोपाझ, अडीच आलं तर काच किंवा सुनेला नावाचा पिवळा स्फटिक. खड्याला बुडबुडे चिकटू देऊ नका. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की सुटतात.

माझा अंदाज विचाराल तर ४ येईल. खडा अस्सल निघेल, रंग मात्र उसना. पांढऱ्या सफायरला रेडिएशन देऊन पिवळा केलेला असणार.

अंगणातली_तुळस | रविवार, सकाळी ७.०५

रेडिएशन??? काका, माझी झोप उडाली. सासूबाई सहा महिने ती अंगठी बोटात घालून पोळ्या लाटतायत. घरात दोन वर्षांचं बाळ आहे.

कणाद_७७ | रविवार, सकाळी ९.३०

ताई, आधी चहा घ्या. माझी नोकरी कोबाल्टच्या सान्निध्यात गेली, म्हणून थोडं सांगतो.

पांढरा सफायर पिवळा करायला साधारणपणे गॅमा किरण वापरतात. ते येतात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून. आपल्याकडे लासलगावच्या 'कृषक' केंद्रात २००२ पासून कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून हाच कोबाल्ट वापरतात. तुर्भ्याला इंजेक्शनच्या सिरिंज आणि ऑपरेशनचं सामान १९७४ पासून असंच निर्जंतुक होतं. या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अणूच्या गाभ्याला हात लावायला तेवढी पुरत नाही. त्यामुळे कांदा, सिरिंज किंवा खडा स्वतः किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी आल्यावर चमकत नाही, तसंच. बाळाला खुशाल आजीच्या मांडीवर बसवा.

मग रंग कुठून येतो? खडा म्हणजे अणूंची शिस्तीत लावलेली रास. कोणताही नैसर्गिक स्फटिक शंभर टक्के शिस्तीचा नसतो. कुठे एक अणू गायब असतो, कुठे ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. गॅमा किरण आत शिरला की इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि अशा खाचखळग्यांत अडकून बसतात. अडकलेला इलेक्ट्रॉन, किंवा त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, प्रकाशातला एखादा रंग शोषून घेते. निळा शोषला गेला की आपल्याला खडा पिवळा दिसतो. याला कलर सेंटर म्हणतात. खड्यात बाहेरून काही घातलेलं नाही आणि काही काढलेलंही नाही. फक्त इलेक्ट्रॉन दुसरीकडे जाऊन बसलेत.

आता तुमच्या साडीच्या प्रश्नाकडे येतो. खळगा उथळ असेल तर इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलायला उन्हातला प्रकाश पुरतो. तो आपल्या मूळ जागी जातो आणि रंग उडतो. खळगा खोल असेल तर ऊन काही करू शकत नाही, दोन-चारशे अंशांची आच लागते. म्हणजे रेडिएशन दिलं होतं की नाही यापेक्षा रंग कोणत्या खळग्यात बसलाय हे महत्त्वाचं.

न्यूजर्सीची_सई | रविवार, रात्री ९.१५ (भारतीय वेळ)

छान चाललाय धागा. माझ्याकडे लंडन ब्लू टोपाझचे कानातले आहेत, दहा वर्षं रोज घालते, ढिम्म रंग हललेला नाही. इथे घेताना कार्डावर स्पष्ट लिहिलेलं होतं, इरॅडिएटेड, म्हणजे रेडिएशन दिलेले. मग माझा रंग टिकला आणि काकूंचा का उडाला?

कणाद_७७ | रविवार, रात्री १०.२०

कारण टोपाझचा निळा खोल खळग्यातला आहे. आज बाजारातला जवळजवळ सगळा गडद निळा टोपाझ मुळात बिनरंगी दगड असतो. रेडिएशन दिल्यावर तो आधी तपकिरी-हिरवट, गढूळ दिसतो. मग त्याला दोनेकशे अंशांवर तापवतात. तपकिरी भाग उथळ असतो तो निघून जातो, निळा मागे राहतो. म्हणजे रंग उडवण्याचं काम कारखान्यातच उरकून घेतात. जे उरलं ते टिकाऊ.

पण सई, किरणोत्साराची शंका घ्यायचीच असेल तर ती तुमच्या कानातल्यांवर घ्यायला हवी होती, काकूंच्या अंगठीवर नाही. :) लंडन ब्लूचा शाईसारखा निळा अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनने येतो. न्यूट्रॉन गाभ्यात शिरतो. दगडात टँटलम, स्कँडियम अशा धातूंची भेसळ कणभर जरी असली तरी ती किरणोत्सारी होते. टँटलम-१८२ चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, ११४ दिवस, स्कँडियम-४६ चा ८४ दिवस. म्हणून हा माल महिनोन्महिने, कधी दोन-तीन वर्षंसुद्धा, कुलपात ठेवून थंड होऊ देतात. अमेरिकेत तो बाजारात आणायला अणुऊर्जा नियामकाचा परवाना लागतो. दहा वर्षं झाली, आता त्यात मोजण्यासारखं काही उरलेलं नसेल. बिनधास्त घाला.

बुद्धीचा_सागर | सोमवार, सकाळी ११.००

मुळात गुरू ग्रहाला तुमच्या तर्जनीशी काय देणंघेणं? खडा पिवळा असो, पांढरा असो, परिणाम शून्यच. पैसे गेले हीच खरी पीडा.

ॲडमिन | सोमवार, सकाळी ११.४०

ज्योतिष खरं की खोटं यावर चार धागे आधीच चालू आहेत. कृपया तिकडे. इथे खड्याबद्दल बोला.

जुना_पारखी | सोमवार, दुपारी ३.१०

कणादराव, उत्तम सांगितलंत. आम्ही याला 'पक्का रंग' आणि 'कच्चा रंग' म्हणायचो. खळगे-बिळगे आज कळले.

कार्डाबद्दल लिहायचं राहिलं, आणि खरी मेख तिथेच आहे. ताई, कार्डावर लिहिलंय हीटिंगची लक्षणं नाहीत. हे अक्षरशः खरं आहे! रेडिएशनने पिवळा केलेला खडा कोणी तापवतच नाही, तापवला तर रंग जाईल. म्हणजे गिऱ्हाईक ज्या शब्दाला भुलून जास्त पैसे मोजतं, तो 'अनहीटेड' शब्द या खड्याला आपोआप मिळतो. पट्टीचा लबाड असेल त्यालाही इतकं सुबक सुचलं नसतं. आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसेल म्हणावं तर तेही नाही. तापवलेल्या खड्यात आतल्या रेशमी सुया वितळलेल्या दिसतात, भोवती चकत्या फुटलेल्या दिसतात. गॅमा किरण असा काही माग ठेवतच नाहीत.

कर्ट नसाऊ म्हणून अमेरिकेतले मोठे संशोधक होऊन गेले. त्यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्याबरोबर पिवळ्या सफायरचे सात प्रकार मांडले, रंग कशाने आला आणि उजेडात टिकतो का यावरून. लोहाने आलेला पिवळा पक्का. श्रीलंकेच्या खड्यांत निसर्गतःच आलेला कलर सेंटरचा पिवळा, त्यातला बराचसा पक्का. भट्टीत तापवून आणलेला पिवळा पक्का. २००१-०२ मध्ये थायलंडच्या चांताबुरीहून बेरिलियम हा धातू घुसवून केलेला माल आला, तोही पक्का, फक्त किंमत फार कमी हवी. कच्चा म्हणाल तर हा रेडिएशनवाला. कच्चा रंग ओळखायला एकच खात्रीची कसोटी: उजेडात ठेवायचा आणि वाट बघायची. तुमच्या सासूबाईंनी कुरडयांच्या निमित्ताने तीच केली, प्रयोगशाळेपेक्षा नीट केली.

गंमत बघा, पुडीत असेपर्यंत हा रंग शाबूत असतो. खाणीपासून पैलूवाला, तिथून दलाल, तिथून दुकानाची तिजोरी, सगळा प्रवास घडी घातलेल्या कागदात. ऊन पहिल्यांदा भेटतं ते गिऱ्हाइकाच्या बोटावर.

मात्र एक लक्षात ठेवा. खडा फिका पडला म्हणजे कोणीतरी रेडिएशन दिलंच, असं सिद्ध होत नाही. जमिनीखाली लाखो वर्षं आसपासच्या खडकांतून मिळालेल्या नैसर्गिक किरणांनीही कच्चा रंग येतो. २०१६ च्या अखेरीस मादागास्करच्या अंबाटोंड्राझाकाजवळ नवी खाण लागली. तिथून पद्मराग म्हणून सुंदर नारिंगी-गुलाबी खडे आले आणि काही आठवड्यांत त्यातल्या काहींचा नारिंगी उडून नुसता गुलाबी उरला. कोणी काही केलेलं नव्हतं. तेव्हापासून चांगल्या प्रयोगशाळा पद्मरागाला आधी अतिनील दिव्याखाली ठेवून रंग पुरता चढवतात, मग तीव्र पांढऱ्या उजेडात ठेवून उतरतो का बघतात, आणि मगच नाव देतात. पिवळ्या सफायरला हीच चाचणी मागून घ्यावी लागते. मागत कोणी नाही.

तर दुकानात जाल तेव्हा 'तुम्ही रेडिएशन दिलं' म्हणून भांडू नका. 'तुमच्या खड्याचा रंग टिकला नाही' एवढंच म्हणा. ते तो नाकारू शकणार नाही.

ओवी_ज | सोमवार, सायंकाळी ६.३०

पारखीकाका, ब्राझीलच्या त्या निळ्या बेरिलची, म्हणजे पाचूच्या जातीच्या खड्याची, गोष्ट हीच ना? भूगर्भशास्त्र शिकताना ऐकली होती.

जुना_पारखी | सोमवार, रात्री ८.००

बरोबर, मशीशे. मिनास जेराइस प्रांतातल्या त्या नावाच्या खाणीत १९१७ मध्ये गडद निळा बेरिल निघाला. ॲक्वामरीनच्या, म्हणजे नेहमीच्या फिक्या निळ्या बेरिलच्या, कितीतरी पट गडद. उन्हात ठेवला की फिका पिवळट. खाण आटली, गोष्ट विसरली गेली. १९७० नंतर तसाच निळा माल पुन्हा बाजारात आला, या वेळी रेडिएशन दिलेला, आणि भलेभले फसले. ओळखायची खूण मात्र देखणी आहे: ॲक्वामरीन स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिला तर फिका दिसतो, मशीशे त्याच दिशेने सर्वांत गडद. उलटं दिसलं की समजावं.

आणि कुंझाइट! गुलाबी-जांभळट, १९०२ मध्ये कॅलिफोर्नियात सापडलेला. त्याला तर तिकडचे जवाहीर 'संध्याकाळचा खडा' म्हणतात. दिवसा घालायचाच नाही, मेजवानीला दिव्यांच्या उजेडात मिरवायचा. कच्चा रंग सांगून-सवरून विकायची ही सभ्य पद्धत.

सुवर्णकार_मी | सोमवार, रात्री ९.२५

मी कारागीर आहे, लिहायची सवय नाही. उन्हाचं सगळे बोलतायत, फुंकणीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकदा हिरव्या हिऱ्याची अंगठी आली, खडा धरणारा एक काटा तुटलेला. हिरा आहे, आगीला घाबरत नाही म्हणून खडा जागेवर ठेवूनच झाळ दिली. थंड झाल्यावर बघतो तर काट्याजवळ हिरवा जाऊन पिवळट-तपकिरी झाला होता. गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं की रंग केलेला आहे. त्यालाही माहीत नव्हतं. भरपाई माझ्या मजुरीतून गेली. तेव्हापासून रंगीत हिरा असो की निळा टोपाझ, खडा काढल्याशिवाय आच नाही.

कणाद_७७ | सोमवार, रात्री १०.०५

सुवर्णकारभाऊ, तुमच्या प्रतिसादाला सलाम. रेडिएशनने हिरवा-निळा केलेला हिरा उन्हात हजार वर्षं ठेवला तरी हलत नाही, पण पाच-सहाशे अंशांवर त्यातली रचना बदलते. कारखान्यात याच बदलाचा उपयोग करून हिरव्याचे पिवळे हिरे करतात. तुमच्या फुंकणीने तेच केलं, फक्त एका कोपऱ्यात.

अवांतर: हिऱ्याला रेडिएशन देण्याची सुरुवात सर विल्यम क्रुक्स यांनी १९०४ मध्ये केली, रेडियमच्या क्षारांत हिरे पुरून. ते हिरवे झाले. आणि ते आजही किरणोत्सारी आहेत. ते मात्र बाळाजवळ नेऊ नका.

अंगणातली_तुळस | पुढचा रविवार, दुपारी १.४५

उशिराबद्दल क्षमस्व, काटा कुरिअरने यायला चार दिवस लागले.

खडा सोनाराकडून काढून आणला. कोरडं वजन ०.९६ ग्रॅम. पाण्यात सोडला तर पहिल्यांदा ०.२९ आलं, माझा जीव खाली गेला. मग बघितलं तर दोऱ्याच्या गाठीला हा एवढा बुडबुडा. काकांचा साबणाचा थेंब टाकला, दोरा बदलला, तीनदा मोजलं: ०.२४, ०.२४, ०.२४. भागाकार बरोब्बर ४. मिस्टरांना दाखवला. ते 'काच' म्हणाले होते ते आता 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणतायत.

दुकानात काकांनी सांगितलेलं तेच एक वाक्य धरून बसले. आधी साबण, मग घाम, मग 'पाणी कडक असेल तुमच्याकडे'. मी म्हटलं, कडक पाण्याने सफायरचा रंग उडतो असं लेखी द्या. मग मालक आतून आले. पैसे परत नाहीत म्हणाले, पण त्याच किमतीचा दुसरा खडा देतो. मी अट घातली: रंग टिकण्याची चाचणी करून, तसं कार्डावर लिहून. कबूल झालेत. तीन आठवडे लागतील.

सासूबाईंचे दोन प्रश्न आहेत. एक, हाच खडा पुन्हा पिवळा करता येईल का? दोन, लासलगावला कांद्याबरोबर ठेवून देतील का?

कणाद_७७ | रविवार, दुपारी २.३०

=)) आजींना साष्टांग नमस्कार.

पहिल्याचं उत्तर: हो. पुन्हा रेडिएशन दिलं तर पुन्हा पिवळा होईल, पुढच्या कुरडयांपर्यंत. दुसऱ्याचं: नाही. ते केंद्र शेतमालासाठी आहे. कांद्याला ०.१ किलोग्रेच्या (किलोग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप) आतबाहेर मात्रा देतात, सिरिंजला २५. दगडांना याहून कितीतरी जास्त लागते. कांदा जुमानतो तेवढ्याला नीलमाचा भाऊ जुमानणार नाही.

जुना_पारखी | रविवार, सायंकाळी ५.१०

शाब्बास ताई. नवा खडा आला की तुम्हीही एकदा ताडून घ्या. अर्धा खडा झाकून ठेवा असं काही जण सांगतात, ते पैलूदार खड्यात जमत नाही. प्रकाश आत शिरून सगळीकडे उड्या मारतो, झाकलेली बाजूही उतरते. त्यापेक्षा रंगाच्या दुकानातून भिंतीच्या पिवळ्या छटांचं शेडकार्ड आणा. पांढऱ्या कागदावर, सकाळच्या उत्तरेकडच्या उजेडात, खडा कोणत्या पट्टीशी जुळतो ते लिहून ठेवा. शेडकार्ड कपाटात, खडा गच्चीवर. तीन-चार कडक दिवसांनी पुन्हा जुळवा.

अंगणातली_तुळस | रविवार, रात्री ९.५०

काका, शेडकार्ड आजच आणलं, कारण एक भानगड कळली. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने त्याच मुहूर्ताला, त्याच दुकानातून, त्याच पुडीतला जोडीचा खडा घेतला होता! मावशी फ्लॅटमध्ये राहतात, गच्ची नाही, कुरडया विकत आणतात. त्यांचा अजून आमरसच आहे. शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, बघवत नाही.

मी म्हटलं, मावशी, चार दिवस द्या, उन्हात ठेवून बघू. उडालाच तर दुकानदार तुम्हालाही बदलून देईल. त्यांनी अंगठी माझ्या हातातून काढून घेतली, पदराने पुसली आणि डबीत घालून डबी पिशवीत टाकली. म्हणाल्या, "माझा पिवळा आहे तोवर पिवळा राहू दे. मी दिवे लागल्यावरच घालीन."